पडणे-पाडणे येतं, त्याला लाय-ले का येऊ नये?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत बॅक-ऑफिसची नोकरी, शाळा कळव्यात आणि मराठी माध्यमाची, रोज परदेशी क्लायंटना मेल लिहावे लागतात. इंग्रजी वाचताना कुठे अडत नाही. लिहिताना मात्र लाय-ले, राइझ-रेझ, बॉरो-लेंड, अफेक्ट-इफेक्ट, एन्शुअर-इन्शुअर या जोड्यांत हमखास पाय घसरतो. 'कन्फ्यूजिंग व्हर्ब्ज'च्या याद्या उतरवून घेतल्या, ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्याउभ्या पाठ केल्या, तरी मेल लिहायला बसलं की पुन्हा तेच. शब्द मुळात कुठून आले हे समजून घेतलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. आणि जाता जाता हेही, की 'प्लीज रिव्हर्ट' लिहू नका असं मॅनेजर सांगतात, ते बरोबर का.

मी ठाण्यात नोकरदार मंडळींना इंग्रजी शिकवते. संध्याकाळच्या बॅचला बँकेतले, महापालिकेतले, रबाळे-महापेच्या एमआयडीसीतले, आयटीतले असे सगळे येतात आणि त्यातले निम्मेअधिक हीच तक्रार घेऊन येतात. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुम्ही पाठांतरात कमी पडताय असं मला वाटत नाही. याद्याच चुकीच्या पद्धतीने केलेल्या असतात. त्या दिसण्यावरून जोड्या लावतात. लूस आणि लूझ, लाय आणि ले, अफेक्ट आणि इफेक्ट हे सगळं एकाच पानावर, एकाच रांगेत. पण प्रत्येक ठिकाणी आपण का चुकतो त्याची कारणं पूर्ण वेगळी आहेत. एका ठिकाणी इंग्रजीतला भेद मराठीतही जसाच्या तसा आहे, फक्त तो आपल्या लक्षात येत नाही. दुसऱ्या ठिकाणी मराठी एकाच क्रियापदावर काम भागवते. तिसऱ्या ठिकाणी लॅटिन उपसर्गाचा प्रश्न असतो, आणि चौथ्या ठिकाणी नुसत्या उच्चाराचा. सगळ्यांवर एकच औषध चालत नाही. त्यात आणखी एक गोष्ट होते. दोन शब्द शेजारी ठेवून पाठ केले की ते डोक्यातही शेजारीच बसतात, आणि ऐन वेळी 'या दोघांतला एक' एवढंच आठवतं. म्हणून वर्गात मी राइझ आणि रेझ एका दिवशी कधीच शिकवत नाही. राइझ पुरता अंगवळणी पडला, की मग काही आठवड्यांनी रेझ.

व्युत्पत्तीचा उपयोग होतो का? काही जोड्यांत इतका होतो की पुन्हा यादी उघडावी लागत नाही. काहींत शून्य. एक-दोन ठिकाणी तर ती उलट दिशाभूल करते. आणि हे सगळं किती मनावर घ्यायचं, तेही तुम्ही कशासाठी लिहिता यावर आहे. स्पर्धा परीक्षेला बसणार असाल तर लाय-ले हा पेपर काढणाऱ्याचा लाडका सापळा आहे, तो सोडवता यायलाच हवा. मेलपुरतं पाहायचं तर लाय-लेची गरज क्वचित पडते, एन्शुअर आणि लेंडची रोज. शिवाय ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे अशी कितीतरी माणसं बोलताना लाय-लेचा घोळ घालतात. अमेरिकेत 'आय ॲम गोइंग टू ले डाउन' सर्रास कानावर पडतं. बोलण्यात ते खपून जातं, लिहिलं की डोळ्यांत येतं.

आता सगळ्यांत मोठ्या कुटुंबाकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण मराठी माणसाला हे कुटुंब जन्मापासून माहीत असतं.

पडणे-पाडणे, मरणे-मारणे, गळणे-गाळणे, जळणे-जाळणे, तरणे-तारणे. प्रत्येक जोडीतली पहिली क्रिया आपोआप होते, दुसरी कुणीतरी करतं. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे यांतही तेच, फक्त तिथे उकाराचा ओकार होतो. हा नियम आपल्याला कुणी शिकवलेला नसतो. चार वर्षांचं पोरसुद्धा 'कप फुटला' म्हणतं, 'मी कप फोडला' असं चुकूनही म्हणत नाही. जबाबदारी कुठे टाकायची आणि कुठे झटकायची, ते त्या एका स्वरात असतं हे त्याला पक्कं ठाऊक असतं. 'मी चहा गळला' असं कुणी म्हणाल्याचं ऐकलंय का कधी?

इंग्रजीत अगदी हीच व्यवस्था होती. तिचे अवशेष म्हणजे तुमच्या यादीतल्या जोड्या. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. लाय म्हणजे आडवं पडून असणे, ले म्हणजे आडवं ठेवणे, अंथरणे. फॉल म्हणजे पडणे, फेल म्हणजे पाडणे. हा नापास होण्यातला फेल नव्हे, एफ-ई-डबल एल. राइझ म्हणजे वर जाणे, रेझ म्हणजे वर नेणे. ड्रिंक आणि ड्रेंच ही जोडीसुद्धा यातलीच. ड्रेंचचा मूळ अर्थ 'पाजणे' असा होता. जनावरांचे डॉक्टर गुरांना तोंडावाटे औषध पाजण्याला आजही ड्रेंच म्हणतात. बाकीच्यांसाठी तो शब्द पाजण्यावरून भिजवण्यावर आला, आणि आता घोडबंदर रोडला छत्री विसरलेल्या माणसासाठी वापरला जातो.

मराठीशी असलेलं हे साम्य योगायोगाचं नाही. संस्कृतात पतति म्हणजे पडतो आणि पातयति म्हणजे पाडतो. धातूतला स्वर बदलायचा, पुढे 'अय' लावायचा, की 'करवण्याचा' अर्थ येतो. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत याच कामासाठी स्वर बदलून पुढे 'यान' सारखा प्रत्यय लागत असे. हा प्रत्यय आणि आपला 'अय' एकाच मुळातून आले आहेत. पुढे इंग्रजीत प्रत्यय झिजून गेला आणि बदललेला स्वर तेवढा मागे राहिला. मराठीतही पाडणेमधला 'अय' गेला आणि 'आ' राहिला. सिट-सेटच्या बाबतीत तर धातूसुद्धा एकच आहे. संस्कृतातला सद् म्हणजे बसणे, त्यावरून सीदति आणि सादयति. तुमच्या सोसायटीच्या सभासदामधला 'सद', परिषदेतला 'षद' आणि इंग्रजी सिट हे एकमेकांचे सख्खे नातेवाईक आहेत. सभेत बसतो तो सभासद. सभेला येतच नाहीत त्यांना काय म्हणायचं, हा प्रश्न व्याकरणाबाहेरचा.

हे नुसतं गमतीसाठी सांगितलेलं नाही, यातून एक कामाची गोष्ट निघते. या जोड्यांमधली 'पाडणे' गटातली सगळी क्रियापदं भूतकाळात साधी वागतात, म्हणजे शेवटी 'ड' किंवा 'ट' लागतो. ले-लेड, रेझ-रेझ्ड, फेल-फेल्ड, ड्रेंच-ड्रेंच्ड. सेटच्या शेवटी आधीच 'ट' आहे म्हणून तो सेटच राहतो. 'पडणे' गटातली मात्र सगळी वाकडी चालतात, आतला स्वर बदलतात. सिट-सॅट, राइझ-रोझ-रिझन, फॉल-फेल-फॉलन, ड्रिंक-ड्रँक-ड्रंक, आणि लाय-ले-लेन. आपोआप होणाऱ्या क्रियेचा स्वर बदलतो, करवलेल्या क्रियेला शेपूट लागतं, एवढं डोक्यात ठेवलं की पुरे.

लाय-लेचा खरा खड्डा आता दिसतो. लायचा भूतकाळ ले आहे, आणि ले हे दुसऱ्या क्रियापदाचं वर्तमानकाळी रूपही आहे. फॉलचं तसंच, त्याचा भूतकाळ फेल, आणि फेल म्हणजे पाडणेही. दोन रूपं एकमेकांवर आदळली आहेत, त्यामुळे नुसत्या यादीतून हे कळणं कठीण. त्यात तिसरा लाय आहे, खोटं बोलण्याचा. त्याचं मूळच वेगळं, तो साधा चालतो, भूतकाळ लाइड. काल दिवसभर अंथरुणात पडून होतात आणि 'आय लाइड इन बेड ऑल डे' लिहिलंत, तर वाचणारा विचारेल, कुणाशी खोटं बोललात? बरोबर वाक्य 'आय ले इन बेड ऑल डे'. आणि सीवूड्सला रस्ता खणून नवी पाइपलाइन टाकली असेल, तर ती 'लेड' केली. टाइल्स लेड, केबल लेड, पायाभरणीचा दगड लेड. कुणीतरी ठेवलं, म्हणून शेपूट.

माझी पद्धत इतकीच आहे: वाक्य आधी मराठीत मनात म्हणा. 'भाव वाढले' म्हणालात की 'प्राइसेस हॅव रिझन'. 'कंपनीने भाव वाढवले' म्हणालात की 'द कंपनी हॅज रेझ्ड प्राइसेस'. सोसायटीचा मेंटेनन्स वाढला असं सेक्रेटरी म्हणतात तेव्हा राइझ, आणि तुम्ही सभेत उठून 'वाढला नाही, तुम्ही वाढवलात' म्हणता तेव्हा रेझ. तुमच्या ऑफिसात टिकट, म्हणजे तक्रारीची नोंद, रेझ करतात, आपोआप ते वर येत नाही. इथे एक अडचण कबूल करायला हवी. पगारवाढीला ब्रिटनमध्ये राइझ म्हणतात आणि अमेरिकेत रेझ, त्यामुळे नाम म्हणून दोन्ही तुमच्या डोळ्यांखालून जाणार. नामांकडे पाहून क्रियापद ठरवू नका. जाता जाता सांगते, रेझ हा मूळचा इंग्रजी शब्दच नाही. स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी पूर्व आणि उत्तर इंग्लंडात वस्ती केली, त्यांच्या भाषेतून तो आला. घरचा शब्द होता रिअर, तो आता मुलं आणि कोंबड्या वाढवण्यापुरता उरलाय.

हा भेद किती गंभीर असू शकतो ते पावसाळ्यात आपल्याकडे दिसतं. झाड पडलं तर निसर्ग, झाड पाडलं तर परवानगी लागते. 1975 च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्रे झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाच्या इंग्रजी मजकुरात झाड पाडण्यासाठी फेल हेच क्रियापद आहे. तेव्हा महापालिकेला इंग्रजीत अर्ज करताना 'द ट्री फेल' आणि 'वी फेल्ड द ट्री' यांतला फरक नीट सांभाळा.

एक अपवादही सांगून ठेवते, नाहीतर तुम्हीच मला पकडाल. हँगमध्ये हा नियम बसत नाही. तिथे जुनी दोन-तीन क्रियापदं मिसळून एक झाली आणि भूतकाळाची दोन रूपं शिल्लक राहिली. फोटो, कपडे, पडदे यांना हंग. माणसाला फाशी दिली तर हँग्ड. कायद्याच्या भाषेने जुनं रूप धरून ठेवलं, म्हणून ते टिकलं. आणि तुमचा कॉम्प्युटर हँग होतो त्याचा भूतकाळ हंग.

दुसरा गट दिशेचा. यात तुमचा बॉरो-लेंड येतो. मराठीत आपण 'उसने' हा एक शब्द ठेवतो आणि दिशा घेणे-देणे दाखवतं. 'भाड्याने'चंही तसंच. इंग्रजीत दिशा क्रियापदाच्या पोटातच असते, म्हणून 'कॅन यू बॉरो मी युअर चार्जर' असं निघून जातं. इथे मुळाकडे गेलात तर फसाल. जुन्या इंग्रजीत बोर्ग म्हणजे तारण, हमी. बॉरो त्यावरून आला, आणि हमी तर दोन्ही बाजूंना असते. जर्मनमधला याचा भाऊबंद शब्द आजही घेणे आणि देणे अशा दोन्ही अर्थांनी चालतो. म्हणजे आपली चूक तशी खानदानी आहे. लेंडचा 'ड'ही मूळचा नाही, भूतकाळाच्या रूपातून तो मागाहून चिकटला. हे सगळं ऐकायला छान, पण मेल लिहिताना त्याचा काडीचा उपयोग नाही. इथे शब्द त्याच्या सोबत्यासकट लक्षात ठेवा: बॉरो फ्रॉम, लेंड टू. फ्रॉम लिहावंसं वाटलं की बॉरो, टू लिहावंसं वाटलं की लेंड. रेंटच्या बाबतीत तर इंग्रजीही आपल्यासारखीच ढिली आहे. फ्लॅट भाड्याने घेतला तरी रेंट, दिला तरी रेंट. ब्रिटनमध्ये घरमालकाने भाड्याने देण्यासाठी लेट (एल-ई-टी) हा वेगळा शब्द अजून वापरतात.

रिमेंबर आणि रिमाइंड हे याच गटाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मराठीत 'मला उद्या आठवण कर' असं आपण सहज म्हणतो, म्हणून 'रिमेंबर मी टुमॉरो' असं लिहून बसतो. इंग्रजी वाचणाऱ्याला वाटतं की तुम्ही उद्या जगातून निघून जाणार आहात. 'आठवण करून देणे' असं पूर्ण म्हणा, रिमाइंड आपोआप येईल. यातला माइंड आणि आपलं मन एकाच मुळाचे, त्यामुळे पुन्हा मनावर आणून देणे तो रिमाइंड.

मग येतात एका मराठी क्रियापदाला दोन-दोन इंग्रजी क्रियापदं असलेल्या जागा. ऑनलाइन मीटिंगमध्ये सगळ्यांत जास्त ऐकू येणारी चूक म्हणजे 'आय ॲम नॉट लिसनिंग यू'. आवाज येत नाहीये असं सांगायचं असतं, समोरच्याला ऐकू जातं 'मी तुमच्याकडे लक्ष देत नाहीये'. बॉसला हे सांगणं परवडत नाही. खरं तर इथेही मराठीत भेद आहेच, आपण तो वापरत नाही इतकंच. 'ऐकू येणे' म्हणजे हिअर, 'ऐकणे' म्हणजे लिसन. 'दिसणे' म्हणजे सी, 'बघणे' म्हणजे लुक. पहिल्यांत इंद्रिय आपलं काम करतं, दुसऱ्यांत आपण करतो. लिसनचं मूळ आणि आपल्या श्रवणाचं, श्रोत्याचं मूळ एकच. वॉच यांहून निराळा आहे. तो वेक, म्हणजे जागं असणे, याचा भाऊ. बदलत्या, हलत्या गोष्टीवर डोळा ठेवून जागं राहणं म्हणजे वॉच, म्हणून मॅच वॉच करतात आणि फोटो लुक ॲट करतात. गेटवरच्या वॉचमनने किमान शब्दाच्या मुळाशी तरी इमान राखावं अशी अपेक्षा असते.

से आणि टेलसाठी मराठीने 'म्हणणे' आणि 'सांगणे' दिलेत. म्हणणे म्हणजे से, सांगणे म्हणजे टेल. आपण 'त्याला सांगितलं' म्हणतो, म्हणून टेलनंतर माणूस थेट येतो, मध्ये टू लागत नाही: 'आय टोल्ड हिम'. सेला मात्र माणूस जोडायचा तर टू हवा. 'ही सेड मी' हे दोन्हींचं कडबोळं. टेलचा जुना अर्थ मोजणे असा होता. बँकेतला टेलर पैसे मोजतो, कुणाला काही सांगायला तो तिथे बसलेला नसतो. जर्मनमध्ये मोजण्याचं आणि गोष्ट सांगण्याचं क्रियापद आजही एकाच धातूवरून होतं.

रॉब आणि स्टील यांत आपण उगाच चुकतो, कारण मराठीत लुटणे आणि चोरणे स्वच्छ वेगळे आहेत. माणसाला लुटतात, वस्तू चोरतात. ठाणे स्टेशनच्या गर्दीत मोबाइल गेला तर मोबाइल 'स्टोलन', तुम्ही 'रॉब्ड'. 'माय मोबाइल वॉज रॉब्ड' लिहिलंत तर मोबाइलच्या खिशातलं काहीतरी गेलं असा अर्थ होतो.

लॅटिन कुटुंब तुमच्या मेलसाठी महत्त्वाचं. इथे शाळेतलं संस्कृत कामाला येतं. एका 'हृ' धातूला उपसर्ग लावून आहार, विहार, प्रहार, संहार होतात आणि अर्थ कुठल्या कुठे जातात. लॅटिननेही हेच केलं. फासेरे म्हणजे करणे. त्याला 'कडे' अर्थाचा अड् लागला की अफेक्ट, एखाद्यावर काही करणे, परिणाम करणे. 'बाहेर' अर्थाचा एक्स लागला की इफेक्ट, करून बाहेर काढणे, घडवून आणणे. पावसाचा लोकलवर परिणाम झाला, तिथे अफेक्ट. नव्या साहेबांनी बदल घडवून आणला, तिथे इफेक्ट. व्यवहारात इफेक्ट बहुतेक वेळा नाम म्हणूनच भेटेल, क्रियापद म्हणून क्वचित. तेव्हा क्रियापद हवं असेल आणि खात्री नसेल तर ए वरून लिहा, बहुतेक वेळा बरोबर ठराल. ॲक्सेप्ट आणि एक्सेप्टमध्येही हेच दोन उपसर्ग आहेत, फक्त धातू 'घेणे'चा. आपल्याकडे घेणे तो ॲक्सेप्ट, बाहेर काढून वगळणे तो एक्सेप्ट.

एन्शुअर, इन्शुअर, अशुअर या तिघांच्या मुळाशी लॅटिन सेक्युरुस आहे. से म्हणजे विना, कुरा म्हणजे काळजी, म्हणजे निश्चिंत. तिघंही कुणाला ना कुणाला निश्चिंत करतात, फक्त मार्ग वेगळे. अशुअरमध्ये माणसाला शब्द देऊन निश्चिंत करतात, म्हणून त्याच्यानंतर माणूस लागतो. एन्शुअरमध्ये काम होईल याची तजवीज करतात. इन्शुअरमध्ये पैसे भरून. तो एन्शुअरचाच स्पेलिंगभेद होता, विम्याचा धंदा वाढला तसा त्या अर्थाला चिकटला. अमेरिकी लिखाणात इन्शुअर कधीकधी खात्री करण्यासाठीही दिसतो, म्हणून तसं लिहिणारे सगळे चुकतात असं समजू नका. पण तुमचं 'आय विल इन्शुअर दॅट द रिपोर्ट इज सेंट' वाचून ब्रिटिश क्लायंटला रिपोर्टचा हप्ता किती असा प्रश्न पडू शकतो. ई वरून लिहा.

इम्प्लाय-इन्फर एका वाक्यात: बोलणारा शब्दांत अर्थ दुमडून ठेवतो तो इम्प्लाय, ऐकणारा तो उचलून नेतो तो इन्फर. मुळांत दुमडणे आणि वाहून नेणे हेच अर्थ आहेत. दुसऱ्यातला नेण्याचा धातू आपल्या 'भार'मधल्या भृचा नातलग.

उच्चाराचे गोंधळ पटकन संपवते. लूझ म्हणजे हरवणे, एक ओ. लूस म्हणजे सैल, दोन ओ. आपण मराठीत 'शर्ट लूज झाला', 'लूज मोशन' असं म्हणत सैलालाही 'ज'ने उच्चारतो, त्यामुळे दोन शब्द कानाला एकच होतात आणि स्पेलिंग अंदाजाने पडतं. सैलाला 'लूस' म्हणायची सवय लावा, स्पेलिंगची अडचण आपोआप कमी होईल. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझ यांतही नामाला 'स', क्रियापदाला 'झ'. प्रॅक्टिस आणि लायसन्सचा उच्चार नाम-क्रियापदात सारखाच, पण ब्रिटिश पद्धतीत क्रियापदाला एस आणि नामाला सी. आपल्याकडे तीच पद्धत चालते. अमेरिकी पद्धत निराळी, तेव्हा क्लायंट कुठला ते पाहून ठरवा.

थोडक्यात, चुकलात की आधी गट ओळखा. आपोआप की कुणी केलं, असा प्रश्न असेल तर मराठी वाक्य म्हणून पाहा. दिशेचा असेल तर फ्रॉम-टू. ऐकणे-बघणे असेल तर मराठीतला बारीक भेद शोधा, तो बहुधा सापडतोच. लॅटिन असेल तर उपसर्ग. बाकी उच्चार. आणि सरावाला वाक्यं तुमच्या स्वतःच्या पाठवलेल्या मेलमधली घ्या. पुस्तकातली कोंबडी अंडी देत राहते, तिचा तुमच्या नोकरीशी संबंध नाही.

आता रिव्हर्ट. लॅटिनमध्ये मागे वळणे, म्हणून इंग्रजीत पूर्वीच्या स्थितीला जाणे. 'उत्तर द्या' हा अर्थ भारतीय ऑफिसांत इतका रुळलाय की त्याला नुसती चूक म्हणणं मला पटत नाही. सिंगापूर-मलेशियातही तो चालतो. वाशीच्या सप्लायरला 'प्लीज रिव्हर्ट' लिहिलंत तर त्याला बरोबर कळेल आणि तो त्याच शब्दात उत्तरही देईल. पण तुमचे मेल परदेशात जातात, आणि तुमच्याच इमारतीतल्या डेव्हलपर लोकांसाठी रिव्हर्ट म्हणजे केलेला बदल रद्द करून जुना कोड परत आणणे. 'न्यू व्हर्जन लाइव्ह झालंय, प्लीज रिव्हर्ट' अशा अर्थाचा मेल त्यांच्याकडे गेला, तर कुणीतरी इमानदारीने ते व्हर्जन काढून टाकू शकतो. म्हणून मॅनेजरचं ऐका. बाहेर जाणाऱ्या मेलमध्ये रिप्लाय लिहा, किंवा 'लेट मी नो'. आणि 'रिव्हर्ट बॅक' मात्र कुठेच लिहू नका, मागे वळून पुन्हा मागे कशाला जायचं.